देवाच्या कांदळातलं भगदाड

संध्याकाळी खाडीकाठाने मोठमोठ्याने बोलत कोणी चाललेलं ऐकू आलं, की आमच्या खाजणवाडीतली माणसं घरात बसल्या जागी म्हणायची, "भाई इलो." बरोबर कोणी असायचंच असं नाही. पलीकडच्या काठावर जाळं सुकवणाऱ्याला, होडीत बसलेल्याला, कुंपणाआड भांडी घासणाऱ्या बाईला तो इकडूनच हाका मारून काहीबाही विचारायचा. तरुणपणी मंगलोरी कौलं वाहणाऱ्या शिडाच्या मचव्यावर होता. वाऱ्यात बोलायची सवय लागली ती जमिनीवर आल्यावरही सुटली नाही.

परशुराम वायंगणकर हे त्याचं नाव. माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. सगळी वाडी भाई म्हणायची, म्हणून मीही काका न म्हणता भाईच म्हणत आले. माझे आईवडील लवकर गेले. मला वाढवलं, शिकवलं, डी.एड.ला पाठवलं ते भाईने आणि रुक्मिणीकाकीने. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुढे मी गावच्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि त्यांच्याच घरात राहिले.

भाईची संध्याकाळची फेरी उगाच नव्हती. खाडीच्या वळणावर गावाचं एक राखीव खारफुटीचं रान आहे. खारफुटीला आमच्याकडे कांदळ म्हणतात आणि हे रान ग्रामदेव रवळनाथाचं, म्हणून ते देवाचं कांदळ. तिथे कोयता न्यायचा नाही, फांदी तोडायची नाही, आत पाऊल टाकायचं नाही. राखण आमच्या घराण्याकडे. आजोबा वारले तेव्हा भाईने मचवा सोडला आणि ही राखण घेतली. याचा पगार नाही. जत्रेत एक मानाचा नारळ, एवढंच. स्वतःच्या होडीला बांबू-लाकूड लागलं तर तो मालवणच्या बाजारातून विकत आणायचा. वाडीत दुकान असलेल्या बाबलीला त्याने एकदा कुंपणासाठी फांद्या तोडताना पकडलं होतं आणि भर देवळात नारळ ठेवून माफी मागायला लावली होती. बाबली ते विसरला नव्हता.

शहाऐंशी सालच्या फेब्रुवारीत शाळेसमोर एक जीप थांबली. उतरली ती माझ्याहून थोडी मोठी, कॉटनची साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट घातलेली बाई. कावेरी नाडकर्णी तिचं नाव. वनस्पतिशास्त्रातली डॉक्टर. उपग्रहाने आभाळातून काढलेल्या चित्रांवरून कोकणपट्टीतली खारफुटी कुठे टिकली आहे, कुठे गेली आहे, हे पाहायचं काम तिच्या गटाकडे होतं. चित्रात दिसतं ते जमिनीवर खरंच तसं आहे का, हे तपासायला ती खाडी-खाडी फिरत होती.

तिने माझ्या टेबलावर एक मोठा चकचकीत कागद पसरला. निळी-काळी खाडी, फिकट वाळू आणि काठाने तांबडे लालभडक पट्टे. मधल्या सुट्टीची वेळ. बघता बघता गावकरी जमले. काकी डबा घेऊन आली होती, तीही डोकावली.

"ह्यां तांबडां काय गो?" तिने विचारलं.

"हीच तुमची खारफुटी, मावशी," कावेरी म्हणाली. "हिरवं पान एक असा उजेड परत फेकतं, जो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. उपग्रहाला दिसतो. कागदावर तो तांबड्या रंगाने दाखवतात. जितकं रान दाट, तितका तांबडा गडद."

"माका वाटलां, कांदळ पिकलां!" काकी म्हणाली आणि सगळे हसले. कावेरीही हसली.

मग तिने वळणावरच्या तांबड्या डागावर बोट ठेवलं. "ही तुमची राखीव जागा ना? कडेने सुरेख आहे. पण मध्ये पाहा. हे करडं भगदाड. पूर्वीच्या चित्रात ते नव्हतं. आतून बरीच तोड झालेली दिसते."

ती हे सहज बोलून गेली. पण सगळ्यांचे डोळे एकाच वेळी भाईकडे वळले. तो दाराशी उभा होता. बाबली पुढे होऊन कागदावर वाकला.

"तोड? बाहेरच्या माणसाक आत जावक देणत नाय. मग तोडल्यान कोणी?"

"बाबली, तोंड सांभाळ," मी म्हटलं.

"मी खंय काय म्हणतंय? आभाळातसून फोटो काढलेलो आसा. तो काय खोटां बोलतलो?"

ज्या माणसाचा आवाज पलीकडच्या काठाला ऐकू जायचा, तो चपला हातात घेऊन घरी निघून गेला.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. मालवणात लाकडाच्या वखारी आहेत, भाईकडे होडी आहे, पुतणीच्या शिक्षणाला खर्च आला असेल, असं एकात एक गुंफलं गेलं. माझं शिक्षण त्यात ओढलं गेलं याचा मला फार संताप आला. भाईला संताप आला नाही. तो खचला. जेवायला बसायचा आणि भात तसाच ठेवून उठायचा.

"मी आत कधी गेलंय नाय, रुक्मिणी," तो काकीला म्हणाला. "बापाशीन सांगितलेलां, कडेन फिर, आत पाय घालू नको. मगे आत काय झालां तां माका कसां कळतलां? राखण केलंय म्हणतंय, आणि राखलंय तां काय, माका म्हायतच नाय."

काकीने त्याच्यापुढे ताक ठेवलं. "म्हायत नाय तर बघूक जावा."

"देवाची बंदी आसा."

"मगे देवाकच विचारा."

कावेरीचा मुक्काम मालवणात होता. चार दिवसांनी ती पुन्हा आली, ती सरळ आमच्या घरी. गावात काय चाललंय ते तिला जीपच्या ड्रायव्हरकडून कळलं होतं. ओसरीवर बसायच्या आधीच ती म्हणाली, "भाई, मी 'तोड' म्हणायला नको होतं. चित्रात झाडं दिसत नाहीत एवढंच कळतं. ती का नाहीत, हे चित्र सांगत नाही. ते बघायलाच तर मी आले आहे."

भाईने पहिल्यांदा मान वर केली. "म्हणजे तेका कारण दिसणा नाय?"

"नाही. त्यासाठी माणसाला तिथे जावं लागतं."

त्याने तिला बसायला पाट दिला. काकीने कोकमाचं सरबत आणलं. मग भाईने तिला देवाला कौल लावायचा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मला वाटलं, ही शिकलेली बाई हसेल. तिने फक्त विचारलं, "कौल उजवा आला नाही तर?"

"तर तू परत जातलंस आणि मी ह्यो आळ घेवन जगतलंय."

"चालेल," ती म्हणाली. "गाव तुमचा आहे."

सोमवारी सकाळी देवळात माणसं मावेनात. गुरवाने रवळनाथाच्या पाषाणावर फुलांच्या पाकळ्या ओल्या हाताने चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार. भाईने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुज्या कांदळात काय झालां तां तुका म्हायत आसा, आमका नाय. ही बाय लांबसून इली हा. तिच्या मनात खोट नाय. आत जावन बघूची परवानगी दी. माजी चूक आसात तर तीय दाखय रे म्हाराजा!" आणि सगळे, बाबलीसुद्धा, सवयीने म्हणाले, "होय म्हाराजा!"

बराच वेळ काहीच हललं नाही. मग उजवी पाकळी सावकाश घसरली आणि खाली आली. काकीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

अटी ठरल्या. अनवाणी जायचं. लोखंड न्यायचं नाही. आतलं काही बाहेर आणायचं नाही. कावेरीला खरं तर पानं आणि चिखल तपासायला न्यायचा होता. तिने बरण्या जीपमध्ये ठेवून दिल्या आणि बूट काढले.

भरती चढू लागल्यावर आम्ही होडी काढली. भाई, गुरव, कावेरी आणि मी. कडेची झाडं खरोखर सुरेख होती. चिपीच्या फांद्या पाण्यावर वाकलेल्या, खाली चिखलातून वर आलेली मुळांची टोकं, त्यांच्यातून पळणारे लाल नांग्यांचे खेकडे. थोडं आत गेल्यावर होडी चिखलाच्या उंचवट्याला अडली. तिथून उतरून, एकमेकांचा हात धरून, गुडघाभर गाळातून चालत गेलो. पुढे झाडी दाट होत गेली आणि मग एकदम उजेड आला.

ते भगदाड होतं. पण तिथे एकही झाड तोडलेलं नव्हतं. सगळी उभी होती. पांढरीफटक, बिनपानाची, साल सुटलेली. खाली काळं पाणी साचलेलं आणि त्याला कुजका वास. पाखरू नाही की खेकडा नाही.

भाई एका झाडापाशी गेला. बुंध्यावरून हात फिरवला. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. कोयत्याची खूण तो शोधत होता. शेवटी तो एका खोडाला टेकून उभा राहिला आणि त्याचा आवाज फुटला.

"कोणी तोडूक नाय गो. मेली. उभ्यान मेली."

तो रडत होता. आळ गेला म्हणून की झाडं गेली म्हणून, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. गुरवाने हात जोडले. कावेरी पाण्याकडे पाहत हलकेच म्हणाली, "भाई, बाहेर भरती चढतेय ना?"

"चढता तर."

"मग इथलं पाणी का हलत नाही?"

आम्ही सगळ्यांनी खाली पाहिलं. एक वाळलेलं पान पाण्यावर होतं तिथेच होतं. कावेरीने समजावलं. खारफुटीची मुळं चिखलातून वर डोकं काढून श्वास घेतात. भरतीला बुडतात, ओहोटीला उघडी पडतात. इथे पाणी आत आलं की बाहेर जात नसावं. पावसाळ्यात भरून राहिलं असेल, मुळं महिनोन्‌महिने बुडाली असतील, आणि झाडं गुदमरली. "या मधल्या भागाला पाणी पूर्वी कुठून यायचं? कडेने तर उंचवटा आहे."

भाईने उत्तरेकडे बोट दाखवलं. "थंयसून. एक लहान व्हाळ होतो. खाडीचां पाणी तेतूरसून येय-जाय."

"होता?"

भाईचा हात तसाच हवेत राहिला.

उत्तरेला आमचा रस्ता होता. सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाल्यावर सगळीकडे रस्त्यांची हवा आली. आमच्या वाडीला एस.टी. यायची नाही, बाळंतिणीला डोलीतून नाक्यापर्यंत न्यावं लागायचं. तेव्हा गावाने श्रमदान करून खाजणातून, खाडीकाठच्या खारट दलदलीतून, भराव टाकला. आम्ही शाळेची मुलं घेऊन गेलो होतो. भाईने तर सगळ्यात जास्त धोंडे वाहिले होते. व्हाळावर एक लहानसा सिमेंटचा पाइप घातला होता. तो उंचावर बसला, आणि पुढच्याच पावसात गाळाने भरला. एस.टी. आली त्या दिवशी आम्ही तिला हार घातला होता. पाइपाकडे कोण बघतो?

"ह्यां आमीच केलां," भाई म्हणाला.

आम्ही होडी परत वळवली.

त्या रात्रीची वाट न पाहता, उन्हं उतरायच्या आत भाईने गाव देवळात बोलावला. गुरवाने पाहिलं ते सांगितलं: तोड नाही, कोयत्याची एक खूण नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. दोघातिघांनी भाईची माफी मागायला तोंड उघडलं. भाईने हाताने थांबवलं.

"माज्यावरचो आळ गेलो, तेचां बरां झालां. पण झाडां मेली तां ऱ्हवलांच मां? तो भराव आमी सगळ्यांनी घातलेलो. मीय घातलंय. आता तो फोडून पाण्याक वाट देवक व्हयी. पावसाच्या आधी."

एकच गलका झाला. रस्ता फोडायचा म्हणजे एस.टी. बंद. परत डोली. आणि शेवटचा थांबा बाबलीच्या दुकानासमोर. त्याचं गिऱ्हाईक एस.टी.वर. सगळे त्याच्याकडे पाहायला लागले. बाबली बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला.

"सगळो कित्याक फोडूचो?" तो शेवटी म्हणाला. "अर्धो ठेवा, अर्धो खणा. एका अंगाची मोरी बांधून झाली काय दुसऱ्या अंगान खणा. गाडी हळू जायत." मग भाईकडे न बघता: "माज्याकडे चिरे आसत. घर वाढवूक आणलेले. ते लावा."

भाई उठला आणि बाबलीच्या शेजारी जाऊन बसला. बाबलीने चंची पुढे केली. भाईने सुपारीचं खांड घेतलं.

कावेरी आपला पुढचा दौरा लांबवून आमच्याकडे राहिली. ओहोटीचं पाणी कुठवर उतरतं ते पाहून तिने रस्त्याखालच्या मोरीच्या तळाची खूण करून दिली, पाइपाची चूक पुन्हा होऊ नये म्हणून. रात्री ती काकीजवळ झोपायची. काकीने तिला सोलकढी करायला शिकवली आणि तिने काकीला स्वतःच्या आईबद्दल सांगितलं, जी लहानपणीच गेली होती. जायच्या दिवशी काकी तिला सोडेना.

एप्रिल-मे आम्ही खणलं. उन्हाने अंगाची लाही व्हायची. बाया गाळाच्या टोपल्या वाहायच्या, पुरुष चिरे बसवायचे. मुंबईहून मे महिन्याला आलेले चाकरमानीही एकेक दिवस उतरले. मोरी रुंद झाली, वर जाड फरशा आल्या. शेवटचा बांध फोडला तेव्हा अमावास्येची मोठी भरती होती. पाणी आधी मोरीच्या तोंडाशी थबकलं, मग फेस धरून आत शिरलं. त्याच्यामागून बोटभर मासळी उलटसुलट होत गेली. काकीने हळदकुंकू वाहिलं. भाई मोरीच्या कठड्यावर बसून पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "गेलां रे, पाणी गेलां!" फेब्रुवारीनंतर त्याचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

मेलेली झाडं काही परत आली नाहीत. पण पुढच्या वर्षी कडेच्या झाडांच्या शेंगा भरतीबरोबर आत वाहून जाताना दिसल्या. भाईला आत जाऊन बघायची फार इच्छा व्हायची. तो गेला नाही. एकदाच मिळालेली परवानगी, ती एकदाचीच, असं म्हणायचा.

कावेरी परत आली ती एकोणनव्वदच्या जानेवारीत. आता चित्र आपल्याच देशाच्या उपग्रहाने काढलेलं होतं. ते सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता, जणू तो उपग्रह तिने स्वतःच सोडला होता. तिने कागद आमच्या ओसरीवर पसरला. भाईने चष्मा लावला. भगदाड होतंच. पण उत्तरेकडून, मोरीच्या बाजूने, त्यात तांबूस रंगाची एक जीभ शिरली होती.

"फिकट आसा," भाई म्हणाला.

"रोपं आहेत अजून. लहान आहेत. सगळी तर उपग्रहाला दिसतही नाहीत. दाटी झाली की दिसतील. पण आहेत. ही खात्रीची बातमी."

भाईने कागदावर हात ठेवला. मग म्हणाला, "बाय, तुजे उपकार कसे फेडू?"

"भाई, मी पुष्कळ ठिकाणी फिरले. भगदाडं दाखवली. कुठे माझ्यावर ओरडले, कुठे चहा पाजून वाटेला लावलं. पाणी सोडणारा गाव एवढाच भेटला. आभार मीच मानायचे."

काकी म्हणाली, "दोघांय जेवा आधी. मगे मानीत बसा."

जेवताना कावेरीने सहज सांगितलं, की कुणकेश्वरच्या बाजूला एका खाडीवर असंच एक देवाचं रान आहे, त्यातही असंच करडं पडलंय. तिथला राखणारा सत्यवान नावाचा म्हातारा तिच्याशी बोलायलाच तयार नाही. गावाने त्याला वाळीत टाकल्यासारखं केलंय.

भाईचा घास हातातच राहिला. "तोड केल्यान म्हणतत?"

"हो."

"आत कोण गेलो?"

"कोणीच नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे भाई धुतलेला सदरा घालून एस.टी.च्या थांब्यावर उभा होता. मचवा सोडल्यापासून तो मालवणपलीकडे गेला नव्हता. मी शाळेतून रजा घेऊन त्याच्या आणि कावेरीच्या सोबत गेले. वाटेत त्याने खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक खाडीचं नाव कंडक्टरला विचारलं.

सत्यवानचं घर शेवटचं होतं. म्हाताऱ्याने कावेरीला पाहिलं आणि दार लावायला घेतलं. भाई पुढे झाला. त्याने आवाज कधी नव्हे इतका खाली आणला.

"आजोबा, मी खाजणवाडीचो परशुराम. माज्याकडेय देवाचां कांदळ आसा. माजेरय असोच आळ इलेलो."

दार अर्धं उघडं राहिलं. "मगे?"

"मगे काय नाय. झाडां तोडलेली नव्हती. पाणी अडलेलां. तुमच्या हंयसून रस्तो गेलो हा? नायतर बांध?"

म्हाताऱ्याने दार सताड उघडलं. मग आत वळून सुनेला म्हणाला, "गो, तीन पेले पाणी हाड. आणि गूळ हाड." आणि आम्हाला म्हणाला, "येवा. उन्हात उभे कित्याक?"

भाईने चपला काढल्या आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.